आई म्हणून मिळालेली जागा

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मोन्रोव्हिया. तिथे टबमन बुलेव्हार्ड या रस्त्याने सिंकोर भागातून जाताना मासळीबाजाराजवळ एक मोकळं मैदान लागतं. २००३ सालच्या एप्रिलपासून तिथे रोज बायका येऊन बसायच्या. पांढरा टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, अंगावर एक दागिना नाही, चेहऱ्याला पावडरसुद्धा नाही. उन्हात बसायच्या आणि पावसातही बसायच्या. मोन्रोव्हियाचा पाऊस तर कोकणात वाढलेल्या माणसालाही तोंडात बोट घालायला लावतो. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा याच रस्त्याने जायचा, म्हणून बसायची जागाही हीच. मागणी एवढीच की लढाई थांबवा आणि बोलणी करा.

ही गोष्ट आता आपल्याकडेही बऱ्याच जणींना माहीत आहे. महिला दिनाच्या भाषणांत ती येते. लेमा ग्बोवी नावाच्या एका तरुण आईने ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांना एकत्र आणलं, त्यांनी युद्ध थांबवलं, मग एलेन जॉन्सन सर्लीफ ही आफ्रिकेतली पहिली निवडून आलेली महिला राष्ट्राध्यक्ष झाली, आणि २०११ साली येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत या दोघींना नोबेल मिळालं. इथे टाळ्या पडतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण टाळ्या पडून गेल्यानंतरच्या लायबेरियात मी काही काळ राहिले, म्हणून पुढचं सांगावंसं वाटतं.

मी तिथे पोचले ती खाणींमुळे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि फोंडा-डिचोली-सावर्डे पट्ट्यातल्या अनेक घरांची घडी विस्कटली. माझा नवरा खाणीच्या हिशेबखात्यात होता. लायबेरियाच्या पश्चिम भागात लोहखनिज आहे, गोव्याच्या एका कंपनीने तिथे आदल्याच वर्षी हिस्सा घेतला होता, आणि तिकडे माणसं हवी होती. तो आधी गेला, मी मागाहून. जाण्यापूर्वी नकाशात देश शोधला. त्याचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की अमेरिकेतून परत पाठवलेल्या कृष्णवर्णीयांनी १८४७ साली हे प्रजासत्ताक उभं केलं, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं त्यांच्याच मोजक्या घराण्यांनी आतल्या सोळा जमातींवर राज्य केलं. १९८०मध्ये सॅम्युएल डोने बंड करून सत्ता घेतली. १९८९च्या नाताळच्या आदल्या दिवशी टेलरची माणसं निंबा परगण्यातून आत शिरली, आणि मधला थोडा काळ सोडला तर २००३पर्यंत माणसं मरत राहिली. मेलेल्यांचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगतात. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती.

सिंकोरलाच सेंट पीटर्स ल्युथरन चर्च आहे. १९९०च्या जुलैमध्ये तिथे आसरा घेतलेल्या सुमारे सहाशे लोकांना डोच्या सैनिकांनी एका रात्रीत मारलं. आवारात त्यांची सामुदायिक थडगी आहेत. याच चर्चमध्ये ग्बोवी मनाने मोडलेल्या माणसांना सावरण्याचं काम शिकल्या. इथेच बायकांच्या बैठका सुरू झाल्या, आणि आसातू बाह केनेथ या मुसलमान पोलीस अधिकारी इथेच उभ्या राहून म्हणाल्या, की मी माझ्या समाजाच्या बायकांना घेऊन येते. काही ख्रिस्ती बायका कुरकुरल्या. गोळी धर्म विचारून लागत नाही, हे त्यांना समजावायला मात्र फार वेळ लागला नाही. सगळ्यांच्या घरात गोळी येऊन गेली होती.

मासळीबाजारात मी ताज्या मासळीसाठी जायची. बाकी सगळं दुकानात मिळायचं, पण आमच्या घरी माशाशिवाय जेवण नाही. होड्या फांटी आणि क्रू कोळ्यांच्या, ते पुरुष. किनाऱ्यावर आलेला मासा मात्र बायकांच्या ताब्यात जातो: विकतात त्या, धुरी देतात त्या, टोपल्या भरून आतल्या गावांना पाठवतात त्या. तिथेच मला ती भेटली. तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे वयस्कर बाईला ओल्ड मा म्हणतात, मीही तेच म्हणायचे. मी बोंबील-बांगड्याच्या मुलखातली आहे हे तिला माझ्या मासा उलटून गालफडं बघण्यावरून कळलं असावं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, की तुमच्याकडे मासळी कोण विकतं? बायकाच, मी म्हटलं. ती खूष झाली. त्यानंतर तिने मला कधी शिळा मासा दिला नाही.

"हाऊ द डे, मा?" विचारलं की ती म्हणायची, "आय ट्रायिंग, स्मॉल-स्मॉल." मोन्रोव्हियात हे उत्तर सगळेच देतात. थोडं थोडं चाललंय.

ती त्या मैदानात बसलेली होती. पहाटे मासळी विकून यायची आणि ताफा जायच्या आत पांढरा टी-शर्ट चढवून रांगेत बसायची. धंदा बुडायचा. घरचे ओरडायचे. ती म्हणाली, माझा एक मुलगा त्यांनी रस्त्यावरून उचलून नेला होता, दुसऱ्याला मी गादीखाली लपवत होते. या देशात त्या वर्षी मुलगा म्हणजे बंदूक उचलायला दोन हात, एवढंच होतं. म्हणून आम्ही आया म्हणून गेलो. आईला कोण मारणार?

मला तिचं हे वाक्य विसरता आलेलं नाही, आणि या सगळ्या लिहिण्याचं कारण तेच आहे. आईला कोण मारणार, हे त्या बायकांचं चिलखत होतं. त्या कुठल्या पक्षाच्या म्हणून आल्या असत्या तर टेलरच्या पोरांनी त्यांना फटकावून काढलं असतं. त्या नागरिक म्हणून, हक्क मागायला आल्या असत्या तरी तेच झालं असतं, कारण त्या देशात तेव्हा कुणालाच हक्क नव्हते. आई म्हणून आल्या, तेव्हा बंदूकवाल्या पोरांच्या नजरा खाली गेल्या. एप्रिलच्या अखेरीस टेलरला त्यांची भेट घ्यावी लागली. ग्बोवींनी निवेदन वाचलं. त्याने बोलण्यांना जायचं कबूल केलं. त्या काळात बायकांनी नवऱ्यांशी शय्यासंबंध बंद केल्याची बातमी जगभर गाजली. ग्बोवींनी स्वतःच नंतर सांगितलं आहे, की प्रत्यक्षात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, लक्ष मात्र वेधलं गेलं. मला त्या बातमीचा राग येतो. महिनोन् महिने चिखलात बसणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ती एक गोष्ट लक्षात राहिली.

बोलणी घानातल्या अक्रा शहरात ४ जूनला सुरू झाली. त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवरचं आरोपपत्र जाहीर केलं आणि तो घाईघाईने परत फिरला. मागे राहिलेले, बंदूकधारी गटांचे सरदार हॉटेलात राहून खुर्च्या वाटून घेत बसले. तिकडे मोन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये ग्बोवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या आणि करार होईपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा ग्बोवी उठून अंगावरचे कपडे काढायला लागल्या. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने आपणहून विवस्त्र होणं हा बघणाऱ्या पुरुषाला शाप समजतात. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अबुबकर. त्यांनी पहारेकऱ्यांना मागे घेतलं आणि आतल्या सरदारांना सुनावलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २००४मध्ये, इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा मणिपुरी इमांनी कपडे उतरवले. इमा म्हणजे आयाच. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण शेवटचं शस्त्र म्हणून दोघींच्या हाती आलं ते आईचं शरीरच. याबद्दल मला आदर वाटतो आणि तितकीच अस्वस्थताही. शेवटच्या शस्त्राला हात घालावा लागला, याचा अर्थ त्याआधीची सगळी दारं बंद होती.

१८ ऑगस्टला करार झाला. त्याचा कागद बघण्यासारखा आहे. सरकार आणि त्याच्याविरुद्ध लढणारे लर्ड आणि मॉडेल हे बंडखोर गट, अशा तीन सशस्त्र बाजूंना अंतरिम सरकारात प्रत्येकी पाच मंत्रालयं मिळाली. ज्यांनी मुलांच्या हातात बंदुका दिल्या होत्या त्यांना बंदुकीच्या हिशेबाने खाती मिळाली. करारावर मानो नदीकाठच्या देशांतल्या महिलांच्या शांतता संघटनेची सही आहे, ती साक्षीदार म्हणून. मैदानात बसलेल्यांना काय मिळालं, असं मी ओल्ड माला विचारलं होतं. ती हसून म्हणाली, "दे से, थँक यू, मा. नाऊ गो होम."

त्या घरी गेल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. डिसेंबरमध्ये शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तळावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पोरं आली, पैसे हाती पडेनात, दंगल उसळली. पोरांना शांत करायला पुन्हा पांढऱ्या टी-शर्टातल्या बायकाच पुढे झाल्या. आई हा शब्द तिथेही चालला.

पण तो सगळ्यांना चालला नाही. शस्त्रं ठेवलेल्या एक लाखाहून अधिक लोकांत वीस हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुली होत्या. त्यांतल्या कित्येकींना पळवून नेलं होतं, काही जणींनी बलात्कारानंतर स्वतःच बंदूक उचलली होती. लर्डच्या बाजूने लढलेली, ब्लॅक डायमंड नावाने ओळखली जाणारी तरुण सेनानी जगभरच्या छायाचित्रांत झळकली; तीही त्याच वाटेने आलेली. या मुली ना आया होत्या ना बिचाऱ्या बळी. कित्येकींच्या बंदुका सरदारांनी आधीच काढून घेतल्या होत्या, त्यामुळे जमा करायला हातात काही नव्हतं. कित्येकींना तिथे नाव नोंदवायचीच लाज वाटत होती, कारण नाव नोंदवलं की पुढे लग्न कोण करणार. मुलगा लढला तर त्याला वाट चुकलेलं पोर म्हणून आई जवळ घेते. मुलगी लढली तर ती कुणाची कोण, हे गावाला ठरवताच येईना. आईपणाच्या पायावर उभी केलेली शांतता या मुलींच्या दारातून आत गेली नाही.

कायद्याचं काम वेगळ्या बायकांनी, वेगळ्या रीतीने केलं. ते मैदानातल्या इतकं डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. लायबेरियाच्या महिला वकिलांची संघटना १९९४ साली, ऐन युद्धात, स्थापन झाली. तिच्यापुढे पहिला प्रश्न होता विधवांचा. जमातीच्या रिवाजाने लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घराची मालमत्ता धरली जायची. नवरा मेला तर तिने त्याच्या भावाकडे राहायचं, नाहीतर लग्नाच्या वेळी तिच्या माहेरी दिलेली रक्कम परत करून निघायचं. जमीन, घर, काहीही तिचं नाही. युद्धात लाखभर पुरुष मेले म्हणजे इतक्या बायका एका रात्रीत परक्या झाल्या. २००३ साली झालेल्या कायद्याने रिवाजी लग्नातल्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा दिला आणि लग्नाची रक्कम परत मागायला बंदी केली. नवऱ्याच्या नात्यात पुन्हा लग्न करायची सक्ती संपली. एका बाईच्या आयुष्यात याने केवढा फरक पडतो, हे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याच्या ऑफिसात खेटे घातलेल्या कुठल्याही विधवेला समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा कायदा बलात्काराचा. याच वकील बायकांनी मसुदा केला, २००५च्या डिसेंबरात संमत झाला आणि नव्या वर्षी लागू झाला.  नव्या कायद्याने व्याख्या रुंद केली, अठरा वर्षांखालच्या मुलींना संरक्षण दिलं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. नवऱ्याने केलेला बलात्कार मात्र त्यात स्पष्टपणे आला नाही. तो आपल्याकडेही आलेला नाही. पुढे मोन्रोव्हियात या गुन्ह्यांसाठी खास न्यायालय झालं, लोक त्याला कोर्ट ई म्हणतात. खटले साचत गेले. डॉक्टरचा दाखला नाही, साक्षीदाराला कोर्टात यायला गाडीभाडं नाही, घरच्यांनी आधीच पैसे घेऊन प्रकरण मिटवलेलं. मी तिथे असताना वर्तमानपत्रात अशी बातमी नाही असा आठवडा गेल्याचं आठवत नाही, आणि त्यातल्या बळी बहुतेक लहान मुली. बंदुका बाहेरच्या थांबल्या होत्या. २०२०च्या ऑगस्टमध्ये लोक मोन्रोव्हियाच्या रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांनी बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. कराराला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

आता सर्लीफ यांच्याबद्दल. २००५च्या निवडणुकीत मतदार नोंदणीला बायका येत नव्हत्या. बाजार सोडून येणार कशा? तेव्हा कार्यकर्त्या बायका बाजारात गेल्या, तुझं दुकान मी बघते, पोर मी धरते, तू जाऊन नाव नोंदव, म्हणाल्या. शेवटी नोंदणी झालेल्यांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या. दुसऱ्या फेरीत सर्लीफ यांनी वेआंना हरवलं, सुमारे ५९ टक्के मतं घेऊन. हार्वर्डला शिकलेल्या, अर्थमंत्री राहिलेल्या, डोच्या तुरुंगात बसून आलेल्या, सतराव्या वर्षी लग्न होऊन नवऱ्याचा मार खाल्लेल्या आणि ते न लपवणाऱ्या या बाईला लोक मा एलेन म्हणू लागले. पुन्हा आईच. प्रचारात त्यांचे समर्थक ओरडत, एलेन हाच आमचा पुरुष. दोन्ही हाका एकाच गर्दीतून यायच्या. नुसती एक सक्षम बाई म्हणून हाक मारायला शब्द सापडत नव्हता.

त्यांनी पुष्कळ केलं. अर्थ, न्याय, वाणिज्य अशी वजनदार खाती स्त्रियांकडे दिली, पोलीस दलाचं नेतृत्व बिआट्रिस मुना सिए यांना दिलं, २०१०पर्यंत देशाच्या डोक्यावरचं अब्जावधी डॉलरचं कर्ज माफ करून घेतलं. चुकाही केल्या. टेलरच्या बंडाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याला पैसे दिल्याचं त्यांनी सत्यशोधन आयोगापुढे कबूल केलं, आणि आयोगाने २००९च्या अहवालात त्यांना तीस वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवावं अशी शिफारस केली. मुलांना मोक्याच्या जागा दिल्यावर २०१२ साली ग्बोवींनीच जाहीर टीका करून राष्ट्रीय समेटाच्या कामातून राजीनामा दिला. नोबेल मिळून वर्षच झालं होतं. मला हे भांडण फार निरोगी वाटलं. दोन बायका एकाच व्यासपीठावर गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या की आपल्याला बरं वाटतं. त्यांनी एकमेकींचा हिशेब मागितला की आपण म्हणतो, बघा, बायकांचं असंच. पुरुष राजकारण्यांबद्दल असं कुणी म्हणत नाही.

पण संसदेचं काय? २००५ साली प्रतिनिधिगृहात ६४पैकी ८ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ साली ७३पैकी ८. मधल्या अठरा वर्षांतली बारा वर्षं देशाची प्रमुख स्त्री होती, नंतरची सहा वर्षं उपाध्यक्षपदी ज्युवेल हॉवर्ड टेलर, म्हणजे त्याच टेलरच्या पूर्वपत्नी. तरी आकडा जागचा हलला नाही. २०१४ साली निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात पक्षांनी उमेदवारांत किमान ३० टक्के स्त्रिया देण्याचा 'प्रयत्न करावा' असं लिहिलं. प्रयत्नाला शिक्षा नसते. २०२३च्या उमेदवारांत स्त्रिया होत्या सुमारे १५ टक्के. महाराष्ट्रात पंचायतींत आधी ३३ आणि मग ५० टक्के जागा कायद्याने राखीव झाल्या, तेव्हा सरपंच पतीच्या तक्रारी खूप झाल्या, अजूनही होतात. पण खुर्ची मिळालेली बाई दुसऱ्या वर्षापासून ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला लागते, हे मी माझ्या सासरच्या गावात पाहिलं आहे. लायबेरियाच्या बायकांना ती सक्तीची खुर्ची कधी मिळाली नाही. आदर मिळाला, आणि आदरावर तिकीट मिळत नाही.

मग सत्ता आहे कुठे त्यांच्याकडे? माझं उत्तर बाजार. वॉटरसाइड, ड्युआला, पेन्सव्हिलचं रेड लाइट. चिखल, हातगाड्या, भारतात बनलेल्या रिक्षा ज्यांना तिथे केकेह म्हणतात, आणि टेबलामागे टेबल बायकांची: पाम तेल, सुकी मिरची, कसाव्याचा पाला, सुकी बोनी मासळी. युद्धातही हे बाजार पूर्ण थांबले नाहीत. बायका सरदारांच्या नाक्यांवरून जाताना लुटल्या गेल्या, त्यांच्यावर अत्याचार झाले, तरी त्या आतल्या गावांतून तांदूळ आणि पालेभाजी आणत राहिल्या, म्हणून शहर जगलं. आणि त्यांचा सुसू. दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. आपल्या भिशीहून त्यात काडीचा फरक नाही. ओल्ड माने सुसूच्या पैशांवर धुरीची भट्टी बांधली होती आणि नातीला नर्सिंगला घातलं होतं. २००७ साली सर्लीफ यांच्या नावाने बाजारातल्या बायकांसाठी निधी उभा राहिला, त्यातून काही बाजारांना पक्कं छप्पर मिळालं, पाणी आणि स्वच्छतागृहं मिळाली, अक्षरवर्ग निघाले. एका ओट्यावर छप्पर आलं की सहा महिन्यांचा पावसाळा धंदा बुडत नाही. मी तिथे बघितलेल्या सशक्तीकरणातलं हे सगळ्यात ठोस.

गावांत आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी तंटे पुरुषांच्या पालाव्हर झोपडीत, म्हणजे तिथल्या चावडीत मिटायचे, बायकांनी बाहेर बसायचं. युद्धानंतर बाँग परगण्यातल्या टोटोटासारख्या ठिकाणी बायकांनी स्वतःच्या शांतता-झोपड्या काढल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तिथे बोलावलं जातं, मूल टाकून गेलेल्या बापाला बोलावलं जातं, आणि गरज पडली तर पोलिसांना फोन होतो. मैदानातलं बसणं इथे रोजच्या कामाचं झालं.

याच देशात आपल्या बायका बंदूक घेऊन उभ्या होत्या, हे तिकडे जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. जानेवारी २००७मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची, शंभरावर महिलांची तुकडी मोन्रोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पूर्णपणे महिलांची पहिली सशस्त्र पोलीस तुकडी. दरवर्षी नवी तुकडी, फेब्रुवारी २०१६पर्यंत. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा, रात्रीची गस्त, दंगल आवरणं. दिवाळीच्या एका जेवणात मी त्यांच्यातल्या एकीशेजारी बसले. तिचं तीन वर्षांचं मूल सासूकडे होतं. फोनवर त्याचा आवाज ऐकला की रडू येतं, ती म्हणाली, आणि ताट संपवून गस्तीला गेली. बाजारातल्या पोरी तिच्याकडे टक लावून बघायच्या. घरी ती आई होती, रस्त्यावर तिला ते सांगावं लागत नव्हतं. लायबेरियाच्या पोलिसांत मुली भरती होऊ लागल्या, त्यामागे अनेक कारणं आहेत. हे एक नक्की आहे.

आईपणाची एक काळोखी बाजूही आहे, ती लिहिली नाही तर हे लिखाण खोटं होईल. लायबेरियाच्या बऱ्याच जमातींत सांदे नावाची बायकांची गुप्त संस्था आहे. तिच्या प्रमुख, झो, या वयस्कर बायका. त्यांचा शब्द गावात पुरुषही मोडत नाहीत. आणि याच झो मुलींना रानात नेऊन त्यांचं जननेंद्रिय कापतात. आजी आणि आई स्वतः मुलीला तिथे पोचवतात, कारण न पोचवलेल्या मुलीला समाजात जागा नाही. २०१९ साली झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या मसुद्यातून या प्रथेवरची बंदी आधीच वगळली गेली होती. सर्लीफ यांनी जानेवारी २०१८मध्ये पद सोडता सोडता बंदीचा आदेश काढला, तो एका वर्षाचा आणि मुख्यतः अठरा वर्षांखालच्या मुलींपुरता. बारा वर्षं हातात असताना ते का झालं नाही, हा प्रश्न मी त्यांची चाहती असूनही विचारते. २०२३ साली पारंपरिक प्रमुखांच्या परिषदेने बंदी जाहीर केली, काही झोंनी हत्यारं खाली ठेवली. त्यांना पोटापाण्याचं दुसरं साधन हवं, हे तिथल्याच कार्यकर्त्या बायका पुन्हा पुन्हा सांगतात.

२०१४च्या मार्चमध्ये लोफा परगण्यात इबोला आला, जूनमध्ये मोन्रोव्हियात. आजाऱ्याची उशाशी बसून सेवा करायची आणि मेलेल्याला आंघोळ घालायची ती बाईने. रोग त्याच हातांतून पसरत गेला. सरहद्दी बंद झाल्या, सीमेपलीकडून माल आणणाऱ्या बायकांचं भांडवल सडून गेलं. ऑगस्टमध्ये विमानं बंद होत आली तेव्हा आम्ही निघालो. ओल्ड मा जगली. सुसू काही महिने थांबला आणि पुन्हा सुरू झाला, हे मला तिच्या नातीच्या मेसेजवरून कळलं. ती नात आता एका दवाखान्यात नर्स आहे.

युद्धात झालेल्या गुन्ह्यांसाठी खुद्द लायबेरियात आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. टेलरला पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. अलियु कोसिया या सरदाराला २०२१ साली शिक्षा झाली, बलात्कारासाठीही, पण ती स्वित्झर्लंडच्या न्यायालयात. मे २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करणारं कार्यालय स्थापायचा आदेश काढला. मी त्या बातम्या शोधून वाचते. मैदानात बसलेल्यांतल्या बऱ्याच जणी आता सत्तरीला आल्या आहेत, आणि लढलेल्या मुली चाळिशीत. नातीने आजीला विचारलं, की कोर्ट झालं तर जाशील का बोलायला. ती म्हणाली, जाईन, पण या वेळी पोराबद्दल नाही बोलणार. नाक्यावर माझ्याशी काय झालं ते सांगेन.